जाळीच्या कपाटातले भाडेकरू

पारनेरला खोली घेतली तेव्हा पहिला आठवडाभर माझी ठाम समजूत होती, की घरात मालक आहेत, ते आजारी आहेत आणि स्वभावाने अत्यंत हट्टी आहेत.

समजूत व्हायला कारणही तसंच होतं. माझी खोली रस्त्याच्या बाजूला, मालकीणकाकूंचा संसार आतल्या बाजूला आणि मध्ये एक कायम अर्धवट लोटलेलं दार. त्या दारातून रोज संध्याकाळी काकूंचा आवाज यायचा. "अहो, नुसती बाजरीच खाताय. हुलगं कोन खानार?" मग थोडी शांतता. मग, "सरका की तिकडं! म्हातारं झालं तरी अंथरुणाचा हावरेपना सुटंना तुमचा." पुन्हा शांतता. मालक उलट एक शब्द बोलायचे नाहीत. मला त्यांच्याविषयी फार आदर वाटू लागला. इतका समजूतदार नवरा मी तोवर कुठेच पाहिला नव्हता.

एके सकाळी समोरच्या किराणा दुकानात साबण घ्यायला गेलो असताना मी सहज विचारलं, "आमच्या मालकांची तब्येत बरी नसते का हो?"

दुकानदार पुडी बांधता बांधता थांबला. "कुनाच्या मालकांची?"

"आमच्या. घरमालकांची."

त्याने सुतळी दातांनी तोडली. "मालक जाऊन लई वर्सं झाली, सायेब. तुमाला आवाज येतो का त्यांचा?"

"त्यांचा नाही येत. काकूंचाच येतो."

"मंग बरंय," असं म्हणून त्याने साबण पुढे सरकवला. "त्यांचा आला म्हंजे सांगा."

आता कुणीही शहाणा माणूस सामान बांधून दुसरी खोली बघायला गेला असता. मी त्याच दुपारी पाण्याचा तांब्या हातात घेतला आणि ते अर्धवट दार ढकललं.

बाहेर ऊन असं, की गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. मधल्या खोलीला खिडकी नव्हती. छपरात बसवलेल्या एका काचेतून उजेडाचा पट्टा खाली यायचा आणि तो बरोबर एका कपाटावर पडायचा. पूर्वी घरोघर असायचं ना, तसलं जाळीचं कपाट. दुधातुपाला उंदीर लागू नयेत म्हणून सुताराकडून मुद्दाम करून घेतलेलं. त्या कपाटाच्या आत, कप्प्याकप्प्यांत, उंदीर होते.

काही पांढरे, लाल डोळ्यांचे, नगरहून विकत आणलेले. काही मातकट, कुणाच्याही घरात असतात तसले. सगळे जाळीशी येऊन माझ्याकडे बघत होते. उंदीर पळतो एवढं आपल्याला माहीत असतं. न पळणारा उंदीर मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला, आणि एकदम इतके पाहिले. माझ्या हातातला तांब्या चौकटीला लागून वाजला.

"मानूस यायच्या आधी भांडं वाजवू नका," कपाटाच्या मागून काकू उठून उभ्या राहिल्या. "तलाठी झोपलाय."

काकू उंच, काटकुळ्या. गर्द निळं लुगडं, पायात काही नाही, चालण्याचा आवाज नाही. पण खरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे त्यांचं नाक. ते मोठं नव्हतं, पण सतत कामात असायचं. खोली देताना त्यांनी माझ्याकडे आधारकार्ड मागितलं नव्हतं. माझ्याभोवती एक चक्कर मारली होती आणि एक लांब श्वास घेतला होता. मला वाटलं, दमा असेल.

"ह्यो तलाठी," त्या ओळख करून देऊ लागल्या. "त्यो कंडक्टर. खालच्या फळीवर नर्सबाई. नर एकीकडं, माद्या एकीकडं, लग्नाच्या घरात पाव्हनं निजवत्यात तसं. आन् हे," त्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला, "आमचे मालक."

सगळ्यात वरच्या फळीवर पिवळ्या पडलेल्या धोतराच्या घडीत एक म्हातारा मातकट उंदीर बसला होता. एक कान फाटलेला. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली. अगदी मालकासारखी.

"नावं छान आहेत," मी म्हणालो. काहीतरी म्हणायला हवं होतं.

"आमी न्हाई ठेवत. ज्याच्या कापडात जो निजतो, त्याचं नाव त्याला."

"आणि कापडं कुणाची?"

"भाडेकरूंची."

"ते भाडेकरू कुठे आहेत?"

काकू कपाटाची कडी लावत होत्या. "गेले," त्या म्हणाल्या.

नंतर कळलं, की तलाठ्याची बदली झाली होती, कंडक्टर दुसऱ्या डेपोला गेला होता आणि नर्सबाईचं लग्न झालं होतं. पण हे नंतर. मधले काही दिवस मी माझे सगळे कपडे ट्रंकेत कुलूप लावून ठेवत होतो आणि किल्ली गळ्यात घालून फिरत होतो.

*

काकूंना अंथरूण निवडताना ज्याने पाहिलं नाही त्याने पारनेरच्या सुतारांचे हाल पाहिले नाहीत. त्या भुसा मागायला जायच्या. सुतार आनंदाने म्हणायचा, न्या की फुकट. मग काकू मूठभर भुसा उचलून नाकाशी धरायच्या आणि उलटतपासणी सुरू व्हायची. "हे लाकूड कशाचं? खोक्याचं का? मंग नको, त्याचा वास उग्र, पोरास्नी शिंका येत्यात. बाभळीचा? टोचतो. ह्याच्यात रंधा मारायच्या आधी तेल लावलं हुतं का न्हाई? खरं सांगा." शेवटी त्या रिकाम्या हाताने परत यायच्या आणि सुतार दिवसभर आपल्याच भुशाचा वास घेत बसायचा.

भुसा, कडब्याची कुट्टी, कागदाच्या पट्ट्या, सगळं त्यांनी करून पाहिलं होतं. कुट्टीत किडे निघतात. कागदाची शाई पोटात जाते. त्यांच्या मते खरं अंथरूण एकच, माणसाने वापरून वापरून मऊ केलेलं सुती कापड. नवं नको, नव्याला खळ असते. टेरिकॉट नको, त्याचा दोरा उंदराच्या बोटाला गुंडाळला गेला तर बोट झडतं. साबणाने धुतलेलं नको. त्या रिठ्याच्या पाण्यात धुवायच्या आणि सावलीत वाळवायच्या. उन्हात वास मरतो म्हणे.

"वास मेलेला बरा ना?" मी एकदा विचारलं.

"मानूस कसा कळंल मंग त्यास्नी?" त्यांनी मलाच विचारलं.

खाण्याचं तर आणखी निराळं. बाजाराच्या दिवशी काकू पिशवी घेऊन निघाल्या, की धान्यवाले एकमेकांना खुणा करायचे. गोणीच्या वरचं धान्य त्या कधीच घ्यायच्या नाहीत. हात कोपरापर्यंत खाली घालून तळातली मूठ काढायच्या, एक दाणा दाढेखाली फोडायच्या आणि डोळे मिटून उभ्या राहायच्या. मागे गिऱ्हाइकं खोळंबायची. बाजरी आणि ज्वारी रोज. हुलगे भिजवून. शेंगदाणा भाजलेला आणि तोही अर्धा, तोही सणाला. कच्चा कांदा नाही. संत्र्याची फोड माद्यांना चालेल, नरांना नाही. मी त्या घरात राहत होतो, भाडं भरत होतो, पण मला कुणी कधी विचारलं नव्हतं, की बाबा, जेवलास का.

एवढी काळजी का, याचं उत्तर त्या एकाच वाक्यात द्यायच्या आणि ते द्यायच्या तेव्हा आवाज खाली घ्यायच्या. "ह्यास्नी ओकता येत न्हाई. तुमी-आमी वंगाळ खाल्लं तर ओकून मोकळं हुतो. ह्यांच्या पोटात गेलं ते गेलं. म्हनून आधी वास. मंग टोकाला दात. मंग थांबायचं."

हे मला माहीत होतं. मला ते फारच चांगलं माहीत होतं. माझं पोटच त्याच्यावर चाललं होतं.

*

खोली घेताना काकूंनी विचारलं होतं, काय विकता? मी म्हणालो होतो, शेतीचं सामान. त्यात काही खोटं नव्हतं. कंपनीची बरीच औषधं मी तालुक्यात विकायचो. पण सगळ्यांत जास्त खपायची ती काळी पावडर. उंदरांची.

ती विकायला मी गावोगाव कार्यक्रम करायचो, आणि खरं सांगतो, माझ्यासारखा कार्यक्रम नगर जिल्ह्यात कुणाचा व्हायचा नाही. देवळापुढे सतरंजी, तीवर घमेलं, घमेल्यात भरडलेलं धान्य. मी बाह्या सरसावून सुरुवात करायचो. "मंडळी, उंदीर हा संशयी प्राणी! नवीन खाणं दिसलं, की टोकाला दात लावतो आणि थांबतो. म्हणून घाई करायची नाही. आधी साधंच घाला. भरडा, गूळ, गोडेतेल. आज घाला. उद्या घाला. चटक लागू द्या. त्याला वाटू द्या, हा माणूस भला आहे. आणि परवा..." इथे मी थांबायचो. खिशातून काळी पुडी काढून डोक्यावर धरायचो. बायका पदर तोंडाला लावायच्या. म्हातारे म्हणायचे, "आरं तिच्या!" आणि पुड्या संपायच्या.

कपाट पाहिल्यापासून मी नमुन्यांची पिशवी घरात आणणं बंद केलं. ती मोटारसायकलच्या डिकीत राहायची. हात घासून धुवायचो. मला वाटलं, मिटलं.

मग एक दिवस दोरीवरून माझं बनियन गेलं.

ट्रंकेत ठेवून ठेवून कपड्यांना कुबट वास यायला लागला होता, म्हणून मी धीर करून वाळत घातले होते, आणि संध्याकाळी पाहतो तर बनियनच्या जागी नुसते दोन चिमटे. मी मधल्या खोलीत गेलो. काकू कपाटासमोर पाटावर बसल्या होत्या. माझं बनियन रिकाम्या फळीवर नीट घडी करून अंथरलेलं होतं.

"नव्या मानसाची वळख करून द्याया लागती," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "बसा."

मी बसलो. कंडक्टर नावाचा तो धीट पांढरा उंदीर फळीवर सोडलेला होता. तो बनियनच्या कडेपर्यंत गेला. नाक लावलं. मग त्याने ते दातांत धरलं आणि मागे मागे ओढत कोपऱ्यात नेलं. तिथे त्याने पुढच्या पायांनी ते ढकललं, पुन्हा ढकललं, अगदी जाळीला चिकटेपर्यंत, आणि स्वतः दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. तलाठ्याला सोडलं. त्यानेही तसंच केलं. मालकांना सोडलं नाही. मालक वरून बघत होते.

काकूंनी दोघांना आपापल्या कप्प्यात परत ठेवलं. मग म्हणाल्या, "शेतीचं सामान म्हंजे काय काय असतं हो?"

"असतं... बरंच," मी म्हणालो.

"व्हय," त्या म्हणाल्या. "आसंल."

*

नेमकं त्याच सुमाराला दुकानदाराने मला चहाला थांबवलं. माझ्यासाठी खास बाकडं पुसलं. त्याच्या दुकानात उंदरांनी पोह्यांचं पोतं फोडलं होतं आणि ते उंदीर समोरूनच येतात अशी त्याची खात्री होती.

"काकूंचे उंदीर तर कपाटात असतात," मी म्हणालो.

"दिवसा. रातच्याला कोन बघतंय?" त्याने तोंड माझ्या कानापाशी आणलं. "औषधवाले, तुमी आतले. एक पुडी टाकाया तुमाला काय हाय? लई झालं ह्ये. आन् तुमीबी जपून ऱ्हावा. मालक भुसार व्यापारी हुते. गोदामात उंदरांना औषधाचे लाडू वळायचे. जन्मभर वळले. आन् एक दिवस गोदामातच गेले. काय खाल्लं, कुनी वाढलं, कुनाला म्हायती न्हाई." मग तो सरळ झाला आणि माझ्या डिकीवर प्रेमाने थाप मारली. "मंग? कवा?"

"बघू," मी म्हणालो. आमच्या धंद्यात बघू म्हणजे चहा संपेपर्यंतचा वेळ काढणं. त्यापलीकडे त्याला अर्थ नाही.

पण मी वळलो तेव्हा समोरच्या दारात काकू उभ्या होत्या. त्यांनी चहा पाहिला, बाकडं पाहिलं आणि डिकीवरचा हातही पाहिला. त्या आत गेल्या. मधलं दार या वेळी अर्धवट राहिलं नाही. पूर्ण लागलं.

त्या संध्याकाळी ते उघडलं आणि काकू ताट घेऊन आल्या.

बाजरीची गरम भाकरी, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी. "एकटा जीव, काय खाता कुनाला ठावं," त्या म्हणाल्या आणि ताट ठेवून गेल्या. मला गहिवरून आलं. मी ताट पुसून खाल्लं. वाटलं, म्हातारीने माफ केलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ताट. शेंगोळी! हुलग्याची, लसणाची फोडणी घातलेली, वाफाळती. मी बोटं चाटली. रिकामं ताट न्यायला आल्या तेव्हा काकूंनी आत डोकावून पाहिलं आणि हसल्या. इतक्या दिवसांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. "चटक लागली म्हनायची," त्या म्हणाल्या.

ताट घेऊन त्या गेल्या. मी हात धुवायला उठलो आणि मोरीपाशी तसाच उभा राहिलो.

आज घाला. उद्या घाला. चटक लागू द्या. त्याला वाटू द्या, हा माणूस भला आहे.

*

तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम उशीर करून आलो, पण काकू उंबऱ्यावर बसलेल्या होत्या. दिवेलागणीची वेळ, त्यात वीज गेलेली. गल्लीत सगळ्यांच्या दारांत अंधार गोळा होत होता. ताट झाकून ठेवलेलं होतं. त्यांनी झाकण काढलं.

मलिदा. भाकरी बारीक कुस्करलेली, त्यात गूळ, आणि तुपाच्या जागी तेल. भरडा, गूळ, गोडेतेल. माझंच घमेलं माझ्यासमोर पितळेच्या ताटात मांडलेलं होतं. बाजूला लसणाची चटणी होती. आता हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, की त्या काळ्या पावडरीला लसणासारखाच वास येतो. मी खोल श्वास घेतला. लसणाचा वास आला. चटणीचा की मलिद्याचा, हे देवालाच ठाऊक.

"खा," काकू म्हणाल्या.

"पोट जरा बरं नाही."

"सकाळी स्टँडवर दोन वडापाव खाल्लेत."

"त्यानेच बिघडलं."

"मंग गोड बरं. खा. मी बसते."

त्या खरोखर बसल्या. हात गुडघ्यांवर, डोळे माझ्यावर. आणि मग मला ती युक्ती सुचली. मी तिच्यावर आजही खूश आहे. चिमूटभर मलिदा उचलून मी उभा राहिलो. "आधी घरच्यांना," मी म्हणालो. "मग पाहुण्याने खावं." या नाकांनी माझं बनियन नाकारलं होतं. ताटात काही असेल तर त्यांना कळेलच. आणि नसेल तर ते खातील, मग मीही खाईन.

काकू उठल्या. कंदील घेऊन माझ्या मागे आल्या. मी जाळीचं दार जरासं उघडलं आणि मलिदा फळीवर ठेवला.

कंडक्टर पुढे आला. तलाठी आला. दोघांनी नाकं लावली. दोघेही मागे सरले. मग कंडक्टर कोपऱ्यात गेला, तिथे पडलेलं माझं बनियन दातांत धरून ओढत ओढत आणलं आणि त्या मलिद्यावर टाकलं. पुढच्या पायांनी कडा आत खोचल्या. वर आणखी एक चिंधी आणून टाकली. दहनाआधी माणसाला झाकतात, तितक्या निगुतीने त्याने तो घास झाकला.

मी भिंतीला टेकलो. "काकू," मी म्हणालो, "मी पुडी टाकणार नव्हतो. देवाशप्पथ. मी नुसतं बघू म्हणालो होतो."

काकूंनी कंदील खाली ठेवला. बाहेर जाऊन ताट घेऊन आल्या. त्याच मलिद्यातला एक घास त्यांनी स्वतः खाल्ला, माझ्या डोळ्यांसमोर, चावून चावून. मग चिमूटभर आपल्या तळहातावर घेतला आणि हात फळीवर टेकवला. कंडक्टर आला, तलाठी आला, खालून नर्सबाई जाळीला धरून उभी राहिली. वरच्या फळीवरून मालक उतरले, म्हाताऱ्या माणसासारखे, एक एक पाय टाकत. सगळे काकूंच्या हातावरून खाऊ लागले.

"ताटाला काय झालेलं न्हाई," काकू म्हणाल्या. "तुमच्या हाताला झालंय."

मी हात पाहिला. कंदिलाच्या उजेडात तो अगदी स्वच्छ दिसत होता.

"तुमी ह्यास्नी मारनार का न्हाई, त्ये मला बघायचं हुतं. अन्नाला घाबरला, म्हंजे केल्याचं भ्या हाय मनात, मानूस शिल्लक हाय." मग त्यांनी मालकांना उचलून मांडीवर घेतलं आणि बोलू लागल्या. मला सांगत होत्या की त्यांना, ते कळत नव्हतं.

"हे जन्मभर लाडू वळायचे. मी म्हनायची, हात धुवा. धुवायचे. मी माहेरी गेल्ते. उन्हाळ्याचं हे गोदामातच गोन्यांवर झोपायचे. तितंच गेले, झोपेत. कुनाला कळलं न्हाई. मी परत आले, दार उघडलं. आख्खं गोदाम फस्त केलं हुतं उंदरांनी. गोनी गोनी फाडली हुती. आन् ह्यांच्या भोवतीनं रिंगन. सगळे बसलेले. गप. एकानं ह्यांच्या अंगाला दात लावला नव्हता. ज्या गोन्यांवर हे हुते, त्या गोन्यालाबी न्हाई."

कंदिलाची वात फडफडली.

"मला वाटलं, मान राखला. येवढे मारले तरी मान राखला. म्हनून गोदामात सापडलेली पिल्लं मी वाढवली. मंग एकदा ह्यांचं धोतर पिल्लास्नी घातलं, तर तुमच्या बनियनासारखंच कोपऱ्यात लोटलं. तवा वाटलं, मान कसला, वास हुता." त्यांनी म्हाताऱ्या उंदराचा फाटका कान बोटाने सारखा केला. "आजबी कळत न्हाई मला. मान का वास."

मी तो मलिदा खाल्ला. उत्तम झाला होता. तुपाच्या जागी तेल घातल्याबद्दल मात्र मी त्यांना कधीही क्षमा केली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराला मी सांगितलं, की पुडी मिळणार नाही. त्याऐवजी दुकानाच्या मागच्या भिंतीला एवढं मोठं भोक आहे ते बुजवा. त्याला राग आला. भोक होतं, म्हणून जास्त आला.

*

पुढे मीही गेलो. खोली सोडताना बनियन परत मागायचं मला सुचलं नाही. ती पावडर विकणंही सुटलं. तत्त्वाबित्त्वासाठी नव्हे, कंपनीच बुडाली. आता मी कर्जतकडे ठिबकच्या नळ्या विकतो. कार्यक्रम आजही करतो, पण नळी डोक्यावर धरली तर कुणी पदर तोंडाला लावत नाही. लग्नात पंगतीला बसलो, की पहिला घास मी लहानच घेतो आणि थोडा थांबतो. बायकोला वाटतं, मी देवाचं नाव घेतो.

मध्यंतरी कामाने पारनेरला जावं लागलं. बोर्डांवर जिल्ह्याचं नाव बदललं होतं, लोकांच्या तोंडी अजून नगरच होतं. किराणा दुकानाच्या जागी मोबाईलचं दुकान झालं होतं. समोरच्या घराचं मधलं दार तसंच, अर्धवट लोटलेलं. मी ढकललं.

छपरातल्या काचेतून तोच उजेडाचा पट्टा, तेच कपाट. काकू पाटावर बसलेल्या. केस सगळे पांढरे, डोळ्यांत फूल पडलेलं. मी नाव सांगायच्या आधी त्यांनी मान वर केली आणि लांब श्वास घेतला.

"औषधवाले," त्या म्हणाल्या. "भांडं वाजवलं न्हाई आज."

"आता मी औषधं विकत नाही, काकू."

"व्हय. तसंच वाटतंय." पण त्या खात्रीने बोलल्या नाहीत. त्यांनी कपाटाकडे तोंड करून हाक मारली, "ए औषधवाल्या! पाव्हनं आलेत बघ."

मधल्या फळीवरच्या एका चिंधीतून एक मातकट, अंगाने भरलेला उंदीर बाहेर आला. चिंधी ओळखायला मला वेळ लागला. शिलाईवरून ओळखली.

"मालकांच्या धोतरागत त्याच्यातबी आधी कोन झोपतच नव्हतं," काकू सांगू लागल्या. "मी दर पावसाळ्याला धुवायची. दर पावसाळ्याला हे लोटून द्यायचे. मंग एक वर्स ह्याचा आजा झोपला. तवापासून नाव चालू हाय."

त्यांनी माझा हात धरला, तळवा वर केला आणि त्यावर बाजरीचे चार दाणे ठेवले. तो हात त्यांनी उघड्या दारातून फळीवर नेऊन टेकवला आणि आपला हात काढून घेतला.

औषधवाला आला. त्याने माझ्या करंगळीला नाक लावलं. मग मनगटाला. मिशा थंडगार लागल्या. बाकीचे सगळे आपापल्या फळ्यांवर उठून बसले होते आणि बघत होते. सगळ्यात वर, पिवळ्या धोतरातही, कुणीतरी बसलेलं होतं. त्याचे दोन्ही कान धड होते, पण बघणं तेच. औषधवाल्याने एक दाणा उचलला. टोकाला दात लावला. उरलेला दाणा परत माझ्या तळव्यावर ठेवला आणि मागे जाऊन माझ्या बनियनवर बसला. माझ्याकडे बघत.

मी हात मागे घेऊ लागलो, तशा काकू म्हणाल्या, "हलू नका. थांबलाय त्यो."

"किती वेळ थांबायचं?"

"त्याची खातरी हुईस्तवर. त्याला ओकता येत न्हाई."

बाहेर नगरची गाडी हॉर्न देऊन गेली. उजेडाचा पट्टा कपाटावरून सरकत सरकत भिंतीवर गेला आणि फळ्यांवर नुसते डोळे उरले. माझा दंड भरून आला. कुणी हललं नाही. काकूही गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिल्या होत्या, अगदी त्या ताटासमोर बसल्या होत्या तशाच.

शेवटी मला राहवलं नाही. मी हळूच वाकून माझ्याच हाताचा वास घेतला.

मला काही कळलं नाही. औषधवाला अजून विचार करत होता.